न बोलणारे रोगी

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस बालाघाटचे डोंगर पसरलेले आहेत. ह्या डोंगरांतच पाटोदा तालुका वसला असून मांजरा नदी येथूनच उगम पावते. वैशाखात येथील माळ उघडेबोडके दिसतात. परंतु मृगाच्या सरी कोसळल्या की त्यांच्यावर हिरवळ चढते आणि नायगावच्या झाडीतून मोरांच्या केका ऐकू येऊ लागतात. ह्या मोरांना अभय मिळावे म्हणून १९९४ साली तेथे मयूर अभयारण्य स्थापन करण्यात आले. त्याचा विस्तार सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे.

२०२१ च्या जानेवारी महिन्यात ह्याच पाटोदा तालुक्यात कावळे मरून पडलेले आढळले. त्याच सुमारास शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या दगावल्या होत्या. अशा वेळी गावोगाव तर्क चालतात. कोणी म्हणतो, थंडीने मेले; कोणी म्हणतो, पिकावर फवारलेले विषारी औषध पोटात गेले असावे; कोणी साथीची शंका घेतो. तर्क पुष्कळ असतात. परंतु ज्याच्यावर तो प्रसंग ओढवला, तो कावळा मात्र काही सांगत नाही. अखेर मृत पक्ष्यांचे नमुने भोपाळ येथील पशुरोगांच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासले गेले आणि त्यांत ‘बर्ड फ्लू’ ह्या रोगाचे विषाणू असल्याचे निश्चित झाले. नुसत्या डोळ्यांना न सुटलेले कोडे त्या चिमूटभर नमुन्याने सोडवले.

हे कोडे डोळ्यांना का सुटत नाही? कारण पक्ष्यांच्या निरनिराळ्या रोगांची बाह्य लक्षणे पुष्कळदा एकसारखीच असतात. बर्ड फ्लू व मानमोडी हे रोग विषाणूंमुळे होतात. कोंबड्यांची पटकी, साल्मोनेला जीवाणूंचा आंत्ररोग, पक्ष्यांचा क्षय हे रोग जीवाणूंमुळे होतात. विषबाधा तर ह्या दोहोंहून निराळीच. तथापि ह्यांपैकी काहीही झाले तरी पाखरू पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, मान खाली घालते, दाणा टाकते आणि हिरवट शिट करू लागते. बाहेरून चित्र एकच. आतील शत्रू मात्र भिन्न. जीवाणूंना मारणारी औषधे, म्हणजेच प्रतिजैविके, विषाणूंवर चालत नाहीत, आणि विषबाधेवर तर त्यांचा काहीच उपयोग नसतो. म्हणून शत्रू कोण हे ओळखल्यावाचून शस्त्र उचलणे व्यर्थ ठरते.

रानातील पाखराचे जीवन त्याच्या स्वतःच्या पंखांवर अवलंबून असते. एका झाडावर अन्न नसेल तर ते दुसऱ्या झाडावर जाते. एक पाणवठा घाण झाला तर दुसरा शोधते. प्राणिसंग्रहालयातील पाखराला हे स्वातंत्र्य नसते. त्याने काय खावे, कोणते पाणी प्यावे, कोणाच्या शेजारी बसावे, हे सारे माणूस ठरवतो. एका भांड्यातील पाणी वीस पाखरे पितात आणि एका फांदीखाली साऱ्यांची शिट पडते. त्यांतील एकाच्या पोटात रोगजंतू असले, तर ते उरलेल्यांपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागत नाही. ज्याने पाखराचे आकाश काढून घेतले, त्याच्यावरच त्या पाखराच्या आरोग्याचा भार येतो. प्राणिसंग्रहालयांत पक्ष्यांची नियमित जीवाणू-तपासणी करतात, ती ह्याच जबाबदारीपोटी होय.

ह्या कामी सर्वांत मोठी अडचण स्वतः पक्षीच निर्माण करतो. कारण तो आपला आजार लपवतो. निसर्गात दुबळ्या पाखरावर ससाण्याची आणि रानमांजराची दृष्टी प्रथम जाते. म्हणून अंगात बळ नसले तरी बळ असल्याचे भासवणे, ही पक्ष्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होऊन बसली आहे. आजारी पोपट दाणे चोचीत घेतो, फोडतो आणि खाली टाकतो. पाहणाऱ्याला वाटते की तो जेवत आहे. पिसांच्या दाट आवरणाखाली त्याचे शरीर खंगत जाते. पण वरून तो गुबगुबीतच दिसतो. छातीच्या मधोमध असलेल्या हाडावरून बोट फिरवले तरच ते सुरीच्या धारेसारखे उंच लागते आणि मांस किती झिजले आहे हे कळते. पाखरू जेव्हा उघडपणे आजारी दिसू लागते, तेव्हा बहुधा रोगाने बराच पल्ला गाठलेला असतो.

मुंबईच्या एका घटनेने ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राच्या ध्यानात आणून दिली. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान ‘राणीची बाग’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियाच्या सोल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. हे पक्षी मूळचे दक्षिण अमेरिकेतील पेरू व चिली ह्या देशांच्या किनाऱ्यावरचे. तेथून वाहणाऱ्या सागरातील थंड प्रवाहाच्या नावावरूनच त्यांना हे नाव मिळाले आहे. मुंबईच्या दमट उकाड्यात त्यांचा निभाव लागणे शक्य नव्हते. म्हणून त्यांना थंड केलेल्या बंदिस्त कक्षात ठेवण्यात आले होते. लोकांनी त्यांना पाहण्यापूर्वी ते काही काळ निराळे राहावेत, अशी योजना होती.

ह्या आठांत डोरी नावाची सुमारे दीड वर्षाची मादी होती. ऑक्टोबर महिन्यात ती मंदावली आणि खाणे टाळू लागली. तिच्यावर उपचार झाले. परंतु २३ ऑक्टोबर २०१६ रोजी सकाळी तिचा मृत्यू झाला. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी शवविच्छेदन केले. १८८६ साली परळ येथे स्थापन झालेली ही संस्था देशातील जुन्या पशुवैद्यकीय शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. ‘ग्रॅम-ऋण’ जातीच्या जीवाणूंचा संसर्ग हे डोरीच्या मृत्यूचे प्राथमिक कारण म्हणून सांगण्यात आले. वृत्तपत्रांतून हा शब्द घरोघरी पोहोचला आणि अनेकांनी तो त्या दिवशी प्रथमच वाचला.

‘ग्रॅम-ऋण’ हे एखाद्या रोगाचे नाव नव्हे. हान्स क्रिस्तियान ग्रॅम नावाचा एक डॅनिश वैद्य बर्लिन येथे काम करीत होता. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू स्पष्ट दिसावेत म्हणून तो त्यांना रंग देण्याचे प्रयोग करी. १८८४ साली त्याने आपली रीत प्रसिद्ध केली. काचेच्या पट्टीवर नमुना पसरून त्यावर प्रथम जांभळा रंग घालावयाचा, मग आयोडिनाचे द्रावण घालावयाचे आणि नंतर ती पट्टी मद्यार्काने धुवावयाची. काही जीवाणू हा जांभळा रंग घट्ट धरून ठेवतात; काही तो सोडून देतात. रंग सोडणाऱ्यांना दिसण्याजोगे करण्यासाठी शेवटी तांबडा रंग देण्याची पद्धत पुढे इतरांनी रूढ केली. जांभळे राहतात ते ग्रॅम-धन आणि तांबडे होतात ते ग्रॅम-ऋण, अशी ही विभागणी आहे.

हा भेद केवळ रंगाचा नाही; तो जीवाणूंच्या घराच्या भिंतीचा आहे. ग्रॅम-धन जीवाणूंची भिंत जाड असते. ग्रॅम-ऋण जीवाणूंची भिंत पातळ असते. पण तिच्या बाहेर आणखी एक आवरण असते. ह्या आवरणामुळे अनेक प्रतिजैविके आत शिरू शकत नाहीत. शिवाय असे जीवाणू मोठ्या प्रमाणावर रक्तात शिरून मरू लागले, की त्या आवरणातील विषारी द्रव्य मोकळे होऊन रोग्याची प्रकृती आणखी ढासळते. पोपट, मुनिया यांसारख्या दाणे व फळे खाणाऱ्या पाखरांच्या आतड्यात निरोगी स्थितीत बहुतांशी ग्रॅम-धन जीवाणूच आढळतात. म्हणून त्यांच्या शिटेचा नमुना रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या ठिपक्यांची गर्दी दिसली, तर पशुवैद्य सावध होतो. काही मिनिटांत होणारी ही साधी परीक्षा पुढील साऱ्या शोधाची दिशा दाखवते.

परंतु नमुना मिळवणे हेच मुळी कौशल्याचे काम आहे. जाणता पशुवैद्य पिंजऱ्यापाशी येताच पाखराला हात घालीत नाही. तो प्रथम दूर उभा राहून पाहतो. पाखरू कोणत्या फांदीवर बसले आहे, एका पायावर की दोन्ही पायांवर, श्वास घेताना शेपूट खालीवर होते काय, खाली पडलेल्या शिटेचा रंग कसा आहे, हे सारे तो टिपून घेतो. माणूस जवळ आला की पाखरू सावरून बसते आणि दूरून दिसणारे सत्य नाहीसे होते. म्हणून तपासणीचा पहिला भाग मौनाने व दुरूनच पार पडतो.

नंतर पाखराला पकडावयाचे. मऊ कापड किंवा जाळी वापरून, शक्य तर उजेड कमी करून, हे काम झटपट उरकतात. पक्ष्यांना माणसासारखे श्वासपटल नसते. त्यांची छाती पुढेमागे हलते तेव्हाच हवा आतबाहेर होते. भीतीने किंवा घाईने कोणी छाती आवळून धरली, तर नाकतोंड मोकळे असूनही पाखरू गुदमरून मरते. म्हणून शिकाऊ रक्षकाला पहिला धडा दिला जातो तो हाच, की मान आणि पाय सांभाळावेत, पंख अंगाशी मिटवून धरावेत. परंतु छातीवर भार देऊ नये. तपासणीसाठी धरलेले पाखरू हातातच दगावले, तर त्या तपासणीला काय अर्थ राहिला?

निर्जंतुक कापूस गुंडाळलेली बारीक काडी टाळूवरील फटीत हळूच फिरवतात. दुसरी काडी शेपटीखालील अवस्करात फिरवतात. पक्ष्यांच्या शरीरात मल, मूत्र आणि अंडे ह्या एकाच द्वारातून बाहेर पडतात. त्यामुळे तेथील नमुना बरीच माहिती देतो. रक्त हवे असेल तर ते मानेच्या किंवा पंखाच्या शिरेतून काढतात. येथेही प्रमाण सांभाळावे लागते. निरोगी पक्ष्याच्या वजनाच्या शेकडा एक भागाहून अधिक रक्त एका वेळी काढू नये, असा संकेत आहे. १०० ग्रॅम वजनाच्या राघूचे १ मिलिलिटर रक्त काढता येईल. परंतु २५ ग्रॅमच्या चिमणीचे त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके, म्हणजे चार-पाच थेंबच. आजारी पाखराचे तर त्याहूनही कमी. एवढ्याशा थेंबांतून सारे उत्तर काढावयाचे असते. म्हणून एकही थेंब वाया जाऊ देत नाहीत.

प्रत्येक नळीवर पक्ष्याची ओळख, तारीख व जागा लिहितात. पायातील कडीवरचा अंक आणि नळीवरचा अंक जुळला नाही, तर एका पाखराचा रोग दुसऱ्याच्या नावावर चढेल. नमुने बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे जातात. वाटेत ते वाळले किंवा तापले तर त्यांतील काही जीवाणू मरून जातात आणि प्रयोगशाळेचे उत्तर ‘काही नाही’ असे येते. ते उत्तर खोटे नसते. परंतु ते खरेही नसते.

प्रयोगशाळेत नमुना पेट्री बशीतील आगरावर पसरतात आणि बशी ३७ अंश सेल्सिअस उबेत ठेवतात. एक जीवाणू डोळ्यांना दिसत नाही. परंतु साधारण एका दिवसात त्याचे लक्षावधी वंशज एका ठिकाणी जमतात आणि त्यांचा मोहरीएवढा पुंजका दिसू लागतो. पित्तक्षार आणि दुधातील शर्करा घातलेल्या एका विशिष्ट आगरावर ग्रॅम-ऋण जीवाणू वाढतात. त्यांपैकी ही शर्करा आंबवणारे, उदाहरणार्थ ई. कोलाय, गुलाबी पुंजके तयार करतात. साल्मोनेलाचे पुंजके मात्र बिनरंगी राहतात. अशा एकेका खुणेवरून, पोलीस चोराचा माग काढतात त्याप्रमाणे, शास्त्रज्ञ जीवाणूचे नाव शोधून काढतात.

नाव कळल्यावर औषध ठरवावयाचे असते. त्यासाठी जीवाणू पसरलेल्या बशीवर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते; तेथे जीवाणू वाढू शकलेले नसतात. काही चकत्यांना मात्र ते अगदी खेटून वाढतात. ज्या औषधाभोवती पुरेसे मोठे वर्तुळ दिसते, ते निवडावयाचे. ही परीक्षा न करता अंदाजाने औषधे देत गेल्यास दुबळे जीवाणू मरतात व चिवट तेवढे मागे उरतात. पुढे तेच वाढतात आणि मग त्यांच्यावर कोणतेच औषध चालेनासे होते. असे चिवट जीवाणू पिंजऱ्याच्या जाळीत अडकून राहत नाहीत. पाण्यातून, मातीतून आणि हातांतून ते माणसांपर्यंतही येऊन पोहोचतात.

काही रोगजंतू मात्र बशीत सापडतच नाहीत. पोपटांच्या अंगी आढळणारा ‘क्लॅमिडिया सिटासी’ नावाचा जीवाणू दुसऱ्या जीवाच्या पेशींच्या आत शिरल्याखेरीज वाढत नाही. पोपटांपासून माणसांना होणाऱ्या ह्याच्या तापाचे वर्णन १८७९ साली स्वित्झर्लंडमधील याकोब रिटर ह्या वैद्याने केले. पुढे १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी आलेल्या पोपटांबरोबर हा रोग अनेक देशांत पसरला आणि घरी हौसेने पोपट पाळणारी माणसे न्यूमोनियासारख्या आजाराने अंथरुणास खिळली. अमेरिकेत चार्ल्स आर्मस्ट्राँग ह्या शास्त्रज्ञाने त्याचा शोध आरंभला. १९३० साली तो स्वतः आजारी पडला आणि त्याच्या साहाय्यकाला तर प्राणास मुकावे लागले. हा जंतू इतका सूक्ष्म, की पुष्कळ वर्षे त्याला विषाणू समजले जाई. १९६० नंतरच्या दशकात तो जीवाणूच असल्याचे सर्वमान्य झाले. आता त्याचा शोध घेण्यासाठी नमुन्यातील जंतूच्या आनुवंशिक द्रव्याच्या असंख्य प्रती काढून ते ओळखण्याची रीत वापरतात.

ह्या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पक्ष्यांची तपासणी ही केवळ पक्ष्यांसाठी नसते. दररोज पिंजरा झाडणारा, पाण्याची भांडी घासणारा आणि आजारी पाखराला हाताने भरवणारा जो रक्षक, त्याच्या जीविताचाही तिच्याशी संबंध असतो. वाळलेल्या शिटेची धूळ श्वासातून आत जाते; म्हणून झाडण्यापूर्वी जमीन ओली करतात, तोंडावर पट्टी बांधतात आणि हात साबणाने धुतात. रक्षकाला ताप आला तर आपण पक्ष्यांत काम करतो, हे त्याने वैद्याला आवर्जून सांगावे लागते. ही एक गोष्ट ठाऊक असली, तर वैद्य योग्य रोगाची शंका घेऊ शकतो.

तपासणीचे उत्तर हाती आले म्हणजे काम संपले, असेही नाही. उत्तर वाचण्यासही विवेक लागतो. साल्मोनेला पोटात असलेले पाखरू रोज शिटेतून जीवाणू टाकतेच असे नाही. आज टाकील, उद्या टाकणार नाही. म्हणून एका दिवसाच्या नमुन्यावर विसंबून न राहता काही दिवसांच्या अंतराने पुन्हा नमुने घेतात. पक्ष्यांच्या क्षयाचे जंतू तर इतके सावकाश वाढतात, की त्यांची वाट आठवडेच्या आठवडे पाहावी लागते. उलट, जीवाणू सापडला म्हणजे पाखरू आजारी आहे, असेही प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. काही जीवाणू आतड्यात निरुपद्रवी पाहुण्यासारखे राहतात आणि प्रवासाचा शीण, उपासमार किंवा गर्दी यांमुळे पाखराचे बळ खचले, की डोके वर काढतात. म्हणून पशुवैद्य बशीकडे पाहतो, तसाच पाखराकडेही पाहतो.

नवीन आलेल्या पाखरांना किमान महिनाभर निराळे ठेवण्याची प्रथा ह्याच अनुभवातून आली आहे. प्रवासाने थकलेल्या पाखराच्या अंगात दडलेला रोग ह्या मुदतीत बाहेर येण्याची शक्यता असते. त्यांची भांडी निराळी, झाडू निराळा आणि होईल तेथवर रक्षकही निराळा असतो. रक्षक एकच असेल, तर तो जुन्या निरोगी पाखरांचे काम आधी करतो आणि नव्यांकडे शेवटी जातो. उलट कधी जात नाही. ह्या मुदतीत वजन, आहार व शिट यांची नोंद रोज वहीत होते. काल ११० ग्रॅम भरलेला राघू आज १०४ ग्रॅम भरला, तर त्याच्या डौलदार बसण्याला कोणी फसत नाही. पाखरू लपवते ते तराजू उघड करतो.

डोरीच्या मृत्यूनंतर राणीच्या बागेत सात पेंग्विन उरले. १७ मार्च २०१७ रोजी त्यांच्या कक्षाचे उद्घाटन झाले आणि त्यांना पाहण्यास मुलांची झुंबड उडाली. पुढे १५ ऑगस्ट २०१८ रोजी तेथे एक पिल्लू जन्मले. भारतात जन्मलेले ते पहिलेच पेंग्विन होते. पण ते आठवडाभरच जगले. त्यानंतरच्या वर्षांत मात्र तेथे जन्मलेली पिल्ले वाढीस लागली आणि थव्याची संख्या वाढत गेली. एका पाखराच्या मृत्यूनंतर मिळालेले उत्तर त्या पाखराला परत आणू शकत नाही. ते मागे राहिलेल्यांच्या उपयोगी पडते. म्हणूनच शवविच्छेदनाला शेवटची तपासणी मानतात. परंतु खरा पुरुषार्थ आहे तो पहिल्या तपासणीत, म्हणजे पाखरू गात असताना, खात असताना आणि कोणालाही शंका आलेली नसताना त्याची विचारपूस करण्यात.

मेलेले पाखरू वाटेवर आढळले, तर ते उघड्या हाताने न उचलता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत कळवावे. हेही तपासणीचेच पहिले पाऊल होय. पाटोद्याच्या माळावरील कावळ्यांची बातमी कोणी तरी वेळीच कळवली, म्हणूनच त्यांचे नमुने भोपाळपर्यंत पोहोचले. कावळ्याला कोणी पाळीत नाही आणि त्याच्या मरणाचे कोणाला विशेष दुःखही होत नाही. तरीही त्याच्या मरणाचे कारण शोधले गेले. कारण ज्या माळावर कावळा मरतो, त्याच माळावर मोर नाचतो आणि त्याच माळाच्या पायथ्याशी माणसाचे घर असते.

माणूस आजारी पडला तर ‘मला दुखते’ असे सांगतो. गाय हंबरते, कुत्रे विव्हळते. पाखरू मात्र शेवटच्या क्षणापर्यंत पिसे सावरून बसते. त्याच्यावर प्रेम असणे पुरेसे नाही. त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा धीराचा माणूस त्याला हवा असतो. कापसाची एक काडी, रक्ताचे चार थेंब, वहीतील एक आकडा, एवढ्यावरच त्या न बोलणाऱ्या रोग्याचे बोलणे ऐकू येते. मात्र ऐकणाऱ्याने ते वेळीच ऐकले पाहिजे.

स्वाध्याय

१. पक्षी आपला आजार का लपवतात? तो ओळखण्यासाठी कोणत्या गोष्टी उपयोगी पडतात?

२. ‘ग्रॅम-धन’ व ‘ग्रॅम-ऋण’ जीवाणूंतील भेद स्वतःच्या शब्दांत लिहा.

३. कारणे द्या : (अ) पाखराला धरताना छातीवर भार देत नाहीत. (आ) अंदाजाने प्रतिजैविके देणे घातक ठरते. (इ) रक्षक नव्या पाखरांकडे शेवटी जातो.

४. ‘ते उत्तर खोटे नसते, परंतु ते खरेही नसते.’ हे वाक्य कोणत्या संदर्भात आले आहे? त्याचा अर्थ स्पष्ट करा.

५. तुमच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास भेट द्या आणि तेथे पाहिलेल्या कामाचे वर्णन दहा ओळींत लिहा.